खताच्या ढिगाचा स्फोट होतो तेव्हा



४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉन देशाच्या बैरूत बंदरात एका गोदामाचा स्फोट झाला. दोनशेच्या वर माणसे गेली, हजारो जखमी झाली आणि सुमारे तीन लाख लोक एका संध्याकाळीत बेघर झाले. गोदामात दारूगोळा नव्हता, अमोनियम नायट्रेट होते. म्हणजे ज्याचा जगात खत म्हणून वापर होतो तोच पदार्थ. तेव्हापासून आमच्याकडे येणारे सभासद एक प्रश्न हमखास विचारतात, "खतच होतं म्हणे ते. मग आमच्या शेडात युरियाची चाळीस पोती पडलीत, त्यांचं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. युरियाला घाबरायचे कारण नाही, एवढे आधी सांगून टाकतो. पण का नाही, हे समजायला हवे असेल तर थोडे मागे, म्हणजे शंभर वर्षे मागे जावे लागेल.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी, लुडविग्सहाफेन शहराला लागून ओपाऊ नावाचे गाव होते. तेथे बीएएसएफ कंपनीचा मोठा खत कारखाना होता. हवेतला नत्र वायू धरून त्याचा अमोनिया करण्याची विद्या प्रथम मोठ्या प्रमाणावर येथेच, १९१३ साली, सुरू झाली. आज आपण जो युरिया पोत्याने आणतो त्याचे मूळ या गावात आहे, असे म्हटले तरी चालेल.

या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे साधारण निम्मे-निम्मे मिश्रण करून खत बनवीत. एका मोठ्या गोदामात असे सुमारे ४,५०० टन खत साठलेले होते. आपल्या हिशेबात दहा टनी ट्रक धरला तर साडेचारशे ट्रक. आता पावसाळ्यात शेडातल्या युरियाचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. ओल धरली की पोते दगडासारखे होते, मग बडवून ढेकळे फोडायची. तिथे तर ढीगच्या ढीग दगड झालेला. टिकावाने फुटेना, म्हणून तो सैल करण्यासाठी कामगार त्यात लहान लहान सुरुंग लावीत. आपण विहिरीच्या खडकाला लावतो तसे! ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यांना वेडे म्हणू नये. त्यांनी प्रयोग करून पाहिले होते. मिश्रणात नायट्रेटचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आत असेल तर ते फुटत नाही, असा त्या काळचा समज होता आणि असे सुमारे वीस हजार सुरुंग बिनघोर उडवून झाले होते.

२१ सप्टेंबर १९२१ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास ढीगच उडाला. पाचशे साठच्या आसपास माणसे मेली, दोन हजारांवर जखमी झाली. गावातली दहापैकी आठ घरे पडली. गोदामाच्या जागी सव्वाशे मीटर लांब, नव्वद मीटर रुंद आणि एकोणीस मीटर खोल खड्डा राहिला. आवाज तीनशे किलोमीटरवरच्या म्युनिक शहरापर्यंत गेला. सुरुंग लावणारे कोणीच उरले नाहीत, त्यामुळे नेमके काय घडले हे सांगायला साक्षीदार नाही. मात्र त्याच वर्षी खत वाळवण्याची पद्धत बदलली होती, दाणा अधिक कोरडा आणि बारीक येऊ लागला होता, आणि मिश्रण सगळीकडे सारखे नसून काही ठिकाणी नायट्रेट जास्त झाले असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. वीस हजार वेळा जे झाले नाही ते कधीच होणार नाही, असे धरून चालणारी माणसे फक्त जर्मनीत असतात असे नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ४,५०० टनांपैकी फुटला तो अंदाजे दहावा हिस्सा, साडेचारशे टन. बाकीचा माल नुसता उधळला गेला. या आकड्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता स्फोट म्हणजे काय? पुष्कळांना वाटते की स्फोटकात फार मोठी ताकद कोंडलेली असते. खरे म्हणजे तसे नाही. स्फोटाची ताकद मोजायचे माप टीएनटी या स्फोटकावर ठरवले आहे. एक ग्रॅम टीएनटी म्हणजे एक किलोकॅलरी ऊर्जा, असा हिशेब धरतात. आणि आपली साखर? एका ग्रॅमला चार किलोकॅलरी. म्हणजे वजनाला वजन ठेवले तर साखरेत टीएनटीच्या चौपट ऊर्जा आहे! पन्नास किलोच्या एका पोत्यात दोनशे किलो टीएनटीइतकी. साखर राहू द्या, गव्हाणीतून गेलेल्या उसाचा निम्मा पाण्याने भरलेला बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्यातदेखील किलोमागे टीएनटीहून अधिक उष्णता मिळते. पण म्हणून कोणी बगॅसच्या ढिगाला बॉम्ब म्हणत नाही.

फरक आहे तो वेगाचा. गुऱ्हाळात चुलवणावर बसणारा गडी चिपाड घालतो, भोक्यातून हवा येते, आणि जेवढी हवा येईल तेवढेच जळते. जाळाला हवेतल्या प्राणवायूची वाट पाहावी लागते. टीएनटीसारख्या पदार्थाचे तसे नाही. त्याचा प्राणवायू त्याच्या अंगातच बांधलेला असतो. एका टोकाला धक्का बसला की तो धक्का सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगाने पदार्थातून धावतो आणि वाटेतला कण न् कण मोडत जातो. जे काम चुलवणात तासाभरात व्हायचे ते डोळे मिटायच्या आत होते. ऊर्जा तेवढीच, किंबहुना कमी, पण तिला जायला वेळच मिळत नाही.

अमोनियम नायट्रेटचेही तेच. वेग टीएनटीहून कमी, ताकदही वजनाला साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के. पण प्राणवायू त्याचा स्वतःचा, नव्हे, थोडा जास्तच. लिटर-सव्वा लिटरच्या भांड्यात मावणारे एक किलो दाणे फुटले की त्याचे नत्र, पाण्याची वाफ आणि प्राणवायू मिळून सुमारे साडेनऊशे ते हजार लिटर वायू होतात, आणि तोही थंड धरला तर. प्रत्यक्षात तो तापलेला असतो, म्हणून कितीतरी पट फुगू पाहतो. समोरच्या हवेला बाजूला सरकायला अवसर मिळत नाही. ती दाबली जाते आणि भिंतीसारखी पुढे धावते. घरे पडतात ती या हवेच्या भिंतीने, जाळाने नव्हे.

या पदार्थाचे शेपूट वाकडे आहे ते असे की एरवी तो अगदी गरीब असतो. पोते आपटले तरी काही होत नाही, काडी लावली तरी पेट घेत नाही. पण भोवती मोठी आग लागली, तो वितळला, कोंडला गेला, तेल-कचरा-कागद त्यात मिसळला, की त्याचा स्वभाव पालटतो.

हे टेक्सास सिटीत दिसले. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतल्या त्या बंदरात ग्रँडकँप नावाच्या फ्रेंच जहाजावर सुमारे २,१०० टन अमोनियम नायट्रेट कागदी पिशव्यांत भरलेले होते. सकाळी आठच्या सुमाराला खालच्या कप्प्यात धूर दिसला. पाणी मारले तर माल भिजून वाया जाईल, म्हणून कप्तानाने झाकणे बंद करून आत वाफ सोडायला सांगितले. साध्या आगीला हा इलाज बरोबरच आहे. हवा तोडली की आग विझते. पण ज्याच्या अंगातच प्राणवायू आहे त्याची हवा कशी तोडणार? उलट कोंडून उष्णता आणि दाब वाढला. नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाज फुटले. जवळजवळ ५८० माणसे मेली. गावाच्या अग्निशमन दलातले अठ्ठावीसपैकी सत्तावीस जण त्यात होते. जहाजाचा दोन टनी नांगर अडीच किलोमीटरवर जाऊन पडला. शेजारच्या हायफ्लायर जहाजातही हेच खत होते, ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आधीच उडाले.

आपल्याकडची आठवण याहून तीन वर्षे जुनी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाज उडाले. त्यात मात्र लढाईचा दारूगोळा आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या. सहासष्ट अग्निशमन जवान त्यात कामी आले, आणि म्हणूनच आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

आता मापाकडे येऊ. बैरूतच्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून पडून होते. म्हणजे पन्नास किलोची पंचावन्न हजार पोती. स्फोटाची ताकद शास्त्रज्ञांनी अर्धा ते एक किलोटनाच्या आसपास धरली. किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी. हिरोशिमावरचा अणुबॉम्ब सुमारे पंधरा किलोटनाचा. म्हणजे बैरूतच्या पंधरापट विध्वंस? नाही. इथे हिशेब वेगळा आहे, बरं का. स्फोटाची ताकद वर, खाली, चहूबाजूंनी पसरते. त्यामुळे माल आठपट झाला तर सारखेच नुकसान दुप्पट अंतरापर्यंत पोचते, हजारपट झाला तर दहापट अंतरापर्यंत. आपण जमीन गुंठ्यांत मोजतो, तशी नुकसानीची जागा मोजली तर अंतर दुप्पट म्हणजे क्षेत्र चौपट. पंधरापट ताकदीला हवेच्या धक्क्याचे अंतर अडीचपट भरते, क्षेत्र सहापट. अणुबॉम्बची आग आणि किरणोत्सर्ग ही वेगळी संकटे, ती या हिशेबात नाहीत.

ओपाऊचा तो आकडा इथे लावून पाहा. सगळा ढीग, म्हणजे दहापट माल, फुटला असता तर नुकसान दहापट अंतरावर गेले नसते, दुपटीहून थोडे पुढे गेले असते. पण तेवढ्याने साडेचारपट क्षेत्र आले असते, आणि तिथे काही पडीक रान नव्हते. हाच हिशेब उलटा केला तर कामाची गोष्ट हाती येते. एक मोठा ढीग करण्याऐवजी लहान लहान साठे लांब लांब ठेवले तर प्रत्येकाचा पल्ला कमी होतो आणि एकाने दुसऱ्याला पेटवण्याची भीतीही राहत नाही. बैरूतमध्ये सगळे एकाच छताखाली होते, त्याच गोदामात फटाकेही होते, आणि भिंतीपलीकडे शहर. बंदरातले धान्याचे काँक्रीटचे प्रचंड कोठार मधे उभे होते म्हणून शहराचा पश्चिम भाग काहीसा वाचला. आग विझवायला गेलेले दहाही जण परत आले नाहीत.

मग आपल्या शेडाचे काय? युरियात नायट्रेट नाही, त्याच्या अंगात जास्तीचा प्राणवायू नाही. आगीत सापडला तर तो वितळेल, अमोनियाचा उग्र वायू सुटेल, पण ढीग स्वतःहून उडणार नाही. अमोनियम सल्फेट, पोटॅश, सुपर फॉस्फेट यांचेही भय नाही. कॅन खतात अमोनियम नायट्रेट असते खरे, पण त्यात चुनखडी घालून त्याचा जोर मोडलेला असतो. आपल्या देशात २०११ सालच्या अधिसूचनेने वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण स्फोटक ठरवले आणि २०१२ साली त्याचे वेगळे नियम आले. ते ठेवायला, न्यायला परवाना लागतो. तरी नायट्रेट असलेल्या खताच्या पोत्यांशेजारी डिझेलचा कॅन, सरपण, कडबा ठेवू नका, आणि शेडाला आग लागलीच तर पोती वाचवायला आत शिरू नका. लांब व्हा.

आता राहिली साखर. चौपट ऊर्जा असून ती गरीब, कारण तिला हवा लागते, हे वर आलेच. पण साखरेची पिठासारखी धूळ हवेत तरंगत असेल तर प्रत्येक कणाभोवती हवा असते आणि वाट पाहण्याचे कारण उरत नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात असेच झाले. कोठाराखालच्या बंदिस्त पट्ट्यात धूळ साठली होती, ती पेटली. पहिल्या धक्क्याने तुळयांवर, यंत्रांवर वर्षानुवर्षे बसलेली धूळ उधळली आणि तीही पेटली, मग पुढच्या मजल्यावरची, मग त्यापुढची. चौदा कामगार मेले. ग्रेडर आणि बॅगिंग विभागात हंगामात रोज झाडलोट होते आणि कारखाना पाहायला येणाऱ्या सभासदांची काडेपेटी गेटवर काढून घेतात, त्याचे कारण हे आहे. परतताना ती मागून घ्यायला विसरू नका.