देव्हारा नसलेल्या घरातली मूर्ती

बायबलच्या नव्या करारात योहानाचे पहिले पत्र आहे. सगळे पत्र प्रेमाविषयी, आणि शेवट मात्र अचानक वेगळा. आपल्या लेकरांना मूर्तींपासून दूर राहायला सांगून योहान लेखणी खाली ठेवतो. आता बघा, हे पत्र ख्रिस्ती मंडळींनाच लिहिलेले. ज्यांनी मूर्तिपूजा सोडली, त्यांनाच हा इशारा कशासाठी?

उत्तर पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात सापडते. तिथे लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. म्हणजे प्रश्न दगडधातूचा नाही आणि शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याचा तर नाहीच. देवाच्या जागी आपल्या मनात जे ठाण मांडून बसते, ते म्हणजे मूर्ती. (कुराणातही आपल्या वासनेलाच देव मानणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. त्यामुळे मला हा विचार परका वाटला नाही.) पगार, मुलाचे मार्क, लोकांत असलेले नाव. यातले काहीच वाईट नाही, म्हणून तर ओळखू येत नाही. घरात संध्याकाळची प्रार्थना रोज होते, पण मुलाची परीक्षा आली की पहिली सुट्टी तिलाच मिळते.

संपूर्ण मनाने देवावर प्रीती करावी ही आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात येते, आणि लगेच पुढे म्हटले आहे की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी हेच बोलावे. म्हणजे या भक्तीची जागा घर.

पण घरात माणसे एकाहून अधिक असतात. इथेच खरी अडचण. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निवड त्यांची, ताटातूट मात्र लक्ष्मीबाईंच्याही वाट्याला आली, काही वर्षांची. पुढे दोघे एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे चालूच होते. मग एके दिवशी त्यांनीच स्वतःशी विचार केला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले आणि त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी तिथे दर वेळी थांबतो.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांची निष्ठा निर्विवाद. तरीही मला वाटते, घरातल्या एकाने देवासाठी पगार सोडला की वाण्याचा हिशेब दुसऱ्याला सांभाळावा लागतो. त्या दुसऱ्याची भक्ती कुणी मोजत नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनीच. एकेकाळी नवऱ्याच्या घरात ज्यांनी आपली चूल वेगळी ठेवली होती, त्यांनी.