उंचीची पट्टी आणि मांडीवरचा दांडा

मुंबईहून माळशेज घाट चढून आलं की खुबी फाटा, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी आणि मग मढ. या पट्ट्यातल्या पोरांना गरगरणारी, झुलणारी, पोटात गोळा आणणारी यंत्रं वर्षातून एकदोनदाच भेटतात. एक भेट यात्रेतली. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला गर्दी लोटते, चैत्रात तर गावोगावच्या यात्रा लागोपाठ असतात आणि यात्रा म्हटली की पाळणा आलाच. दुसरी भेट शाळेच्या सहलीतली, नाहीतर सुट्टीत मुंबईच्या काकाकडे गेल्यावरची. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत असतो. कुणी डबे पोचवतं, कुणी भाजी मार्केटात असतं. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचं पार्क उघडलं आणि ‘मुंबईला काय पाहिलं?’ या प्रश्नाला राणीच्या बागेखेरीज आणखी एक उत्तर मिळालं. २०१३ साली खालापूर तालुक्यात द्रुतगती मार्गालगत इमॅजिका आलं, मग सहलींचा ओघ तिकडेही वळला.

या दोन भेटींमध्ये एक मोठा फरक आहे. पार्कात प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी उभी असते. यात्रेतल्या पाळण्यापाशी ती बहुतेक वेळा नसते. मला या लेखात त्या पट्टीची बाजू मांडायची आहे, कारण पालक म्हणून आपण तिच्याशी जसं वागतो, ते पाहून मला खरोखर काळजी वाटते.

आपण कसं वागतो? अनेक पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. केरळ-कर्नाटकातल्या वंडरलामध्ये ८५ सेंटिमीटरच्या खालचं मूल फुकट, त्यापुढे १४० पर्यंत मुलांचं तिकीट आणि वर मोठ्यांचं. दिल्लीच्या मेट्रोतही तीन फुटांपर्यंतच्या मुलाला तिकीट लागत नाही. त्यामुळे खिडकीपाशी आई हळूच म्हणते, “जरा वाकून उभा राहा रे.” तासाभराने तेच कुटुंब रोलर कोस्टरच्या रांगेत असतं. आता बाबा सांगतात, “टाचा उचल, केस वर कर.” एक सेंटिमीटर कमी पडला की ऑपरेटरशी हुज्जत सुरू. “अहो, आम्ही बसतोय ना बरोबर! आम्ही धरतो त्याला.” इतक्या लांबून आलो, पैसे भरले, पोरगं रडतंय, हे सगळं खरं असतं. पण ‘आम्ही धरतो’ या वाक्याला राइड सुरू झाल्यावर काही अर्थ उरत नाही.

तो का उरत नाही, हे समजून घेण्यासाठी मांडीवरच्या दांड्याकडे नीट बघावं लागतं. पुष्कळ राइडमध्ये दोघांच्या किंवा तिघांच्या मांडीवरून एकच आडवा दांडा खाली येतो. तो कुठे थांबतो? ज्याची मांडी सगळ्यांत जाड, तिथे. म्हणजे वडील आणि पाच वर्षांची मुलगी शेजारी बसले की दांडा वडिलांच्या मांडीला टेकून अडकतो आणि मुलीच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. ती दांड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसते, वडिलांना वाटतं सगळं ठीक आहे. पाळणा चढणीवर असतो तोवर ठीकच असतं. उतार लागला की शरीर आसनातून उचललं जातं, आणि त्या क्षणी मुलीला खाली धरून ठेवणारं तिच्या बोटांपलीकडे काहीच नसतं. वडिलांचा एक हात तिच्या खांद्यावर असला तरी वळणावर त्याच हाताला स्वतःचा तोल सावरायचा असतो. मोठ्या माणसाला शेजारी बसवल्याने मूल शांत राहतं, उभं राहायला धजत नाही, हा फायदा आहेच. पण सामाईक दांड्याच्या राइडमध्ये शेजारचा मोठा माणूसच ती पोकळी तयार करतो.

लहान मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं, प्रौढाचं सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं. पाच-सहा वर्षांचं मूल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. डोकं जड, मान बारीक, मानेचे स्नायू अजून कच्चे. वजनाचा मध्य वरच्या बाजूला सरकलेला असल्यामुळे ते दांड्यावरून पुढे कलंडायला वेळ लागत नाही. कमरेचं हाडही पुरतं घडलेलं नसतं. मोठ्यांच्या कमरेला दोन्ही बाजूंना जी हाडांची टोकं लागतात, त्यांच्यामुळे पट्टा जागेवर राहतो. लहान मुलात ती टोकं पुरेशी वर आलेली नसतात, म्हणून पट्टा सरकून मऊ पोटावर येतो किंवा मूल पट्ट्याखालून घसरतं. मोटारीतही हेच घडतं, म्हणून साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला उंच बैठकीवर बसवून मगच पट्टा लावावा, असं वाहन-सुरक्षेतले जाणकार सांगतात.

पायांचंही तसंच. पाय टेकले की माणूस नकळत स्वतःला मागे रेटून धरतो. ज्याचे पाय लोंबकळतात, त्याला हा आधार नाही. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या रोलर कोस्टरला तर पायाखाली फळीच नसते, सगळी भिस्त खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर असते. तो पट्टा खांद्यावर बसण्याऐवजी कानाजवळ आला, तर झटका बसल्यावर मूल त्यावरच आपटतं. राइड बनवणारा कारखाना ही सगळी मापं धरून आकडा ठरवतो. पार्कातल्या पोराने तो मनाने लिहिलेला नसतो, आणि म्हणून त्याच्याशी घासाघीस करण्यातही अर्थ नसतो.

मग वय का नाही विचारत? दारावर उभ्या माणसाला वय दिसत नाही, उंची दिसते. जन्मदाखला घेऊन कुणी सहलीला येत नाही. दांड्याला तरी वयाशी कुठे देणंघेणं असतं? मांडी कुठे येते, खांदा कुठे येतो, पाय पोचतात का, यांचा उंचीशी बऱ्यापैकी मेळ बसतो. अमेरिकेत हे आकडे इंचांत असतात आणि बहुधा त्याच त्या टप्प्यांवर: ४०, ४२, ४८, ५४. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये स्पेस माउंटनला ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर लागतात. ४२ इंच म्हणजे १०७, ४८ म्हणजे १२२ आणि ५४ म्हणजे १३७ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांशी हे ताडून पाहिलं तर मधल्या उंचीचं मूल पाचव्या वर्षी ११० च्या आसपास असतं, सातव्या वर्षी १२१-१२२ ला पोचतं आणि दहाव्या वर्षी १३८ च्या जवळ. म्हणजे १२२ ची राइड साधारण सात वर्षांच्या मुलासाठी आणि १३७ ची दहा वर्षांच्या. पण हा ‘साधारण’ फार फसवा आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांत पंधरा-वीस सेंटिमीटरचा फरक असू शकतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या आपल्या मुलांसाठी वाढीचे आलेख नव्याने केले, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. घरात मुलाची उंची लिहून ठेवत असाल तर ती या आलेखावर मांडून बघा.

आता एक दुखरी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. आमच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत. आदिवासी भागातल्या आया आणि मुलांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, अंगणवाडीत मुलांची उंची नेमाने मोजली जाते. ती मोजणी एकदा शांतपणे बघण्यासारखी आहे. ताई मुलाची चप्पल काढायला लावतात. वेणी, बो, टोपी, सगळं उतरवतात. टाचा, बूड, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग फळीला टेकवतात, गुडघे सरळ आहेत ना पाहतात, हनुवटी धरून नजर समोर आणतात आणि मग वरची सरकती पट्टी केस दाबून डोक्याला टेकवतात. वाचन मिलिमीटरपर्यंत. मूल हसलं, हललं की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं निजवून मोजतात, कारण उभं आणि आडवं यांत साधारण पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो.

पार्कातल्या पट्टीपाशी असं काही होत नाही. बूट पायात, टोपी डोक्यावर, मागे रांग ढकलत असते. त्यात आणखी एक गंमत अशी की माणूस सकाळी उंच आणि संध्याकाळी बुटका असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि सेंटिमीटरभर उंची कमी भरते. सकाळी घरी १२२ भरलेली मुलगी दुपारी चार वाजता १२१ भरली, तर ऑपरेटर खोटं बोलत नसतो.

अपुऱ्या पोषणामुळे खुजं राहिलेलं नऊ वर्षांचं मूल जेव्हा त्या पट्टीपाशी अडतं आणि त्याच्या वर्गातली बाकी पोरं आत जातात, तेव्हा पोटात तुटतं. ‘वय बसतंय, सोडा की’ असं सरांच्या तोंडून निघणं साहजिक आहे. पण दांड्याखालची पोकळी त्या मुलासाठी तेवढीच राहते, वय कितीही असो. त्या मुलावर अन्याय झालेला आहे आणि तो खूप आधी झालेला आहे. गरोदरपणी आईच्या ताटात, पहिल्या हजार दिवसांत. राइडच्या दाराशी नियम वाकवून तो भरून निघत नाही.

यात्रेतल्या पाळण्यांकडे वळू. ही यंत्रं आज एका गावात उभी राहतात, चार दिवसांत खोलली जातात, ट्रकवर चढतात आणि पुढच्या गावी पुन्हा जोडली जातात. पाळणेवाल्यांची कारागिरी मी लहानपणापासून कौतुकाने बघत आलो आहे. शेतातल्या ढेकळांवर लाकडी ठोकळे लावून ओळंब्यात उभा केलेला चाळीस-पन्नास फुटी रहाटपाळणा म्हणजे मोठं कसब. पण दर खेपेला शेकडो बोल्ट पुन्हा आवळायचे, खिळी पुन्हा बसवायच्या, आणि यात्रेच्या रात्री डायनामोच्या आवाजात, गर्दीच्या रेट्यात एकदोन पोरांनी सगळं सांभाळायचं. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये आहे. अशा यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानकही आहे. यात्रा कमिटीने जागेची पावती फाडताना तपासणीचा कागद मागावा आणि उंचीची पट्टी लावायला सांगावं, एवढं तर गावाच्या हातात आहे. पत्र्यावर रंगाने ओढलेली एक रेघ, खर्च शंभर रुपयांचा.

पट्टी नसेल तिथे पालकांनी स्वतः बघायचं. पाळणा सुरू होण्याआधी मूल आसनात पाठ टेकवून बसलं की पाय कुठवर येतात? दांडा खाली आला की त्याच्या मांडीला लागतो का, की मध्ये तुमचा हात सहज जातो? कडीला खीळ आहे का, की नुसती दोरी बांधली आहे? हात सहज जात असेल तर मुलाला उतरवा, तिकीट वाया गेलं तरी. ब्रेक डान्स आणि ड्रॅगन यांच्यापेक्षा लहान मुलांच्या चक्रीत, घोड्यांवर, हवेच्या मिकी माउसवर त्यांना खरी मजा येते, आणि तिथेही मोठ्या पोरांनी चढू नये हे तितकंच महत्त्वाचं. लहानांच्या राइडला उंचीची वरची मर्यादा असते, कारण गुडघे बाहेर येतात आणि यंत्र तेवढ्या वजनासाठी केलेलं नसतं.

उंची भरली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ग्लेनवूड स्प्रिंग्ज इथे ५ सप्टेंबर २०२१ ला खोल खाणीत कोसळणाऱ्या राइडमध्ये सहा वर्षांची मुलगी दगावली. तिचा पट्टा मांडीवर लावलेलाच नव्हता, ती त्यावर बसली होती, आणि यंत्राने दिलेला इशारा कर्मचाऱ्यांनी बाजूला सारून राइड सोडली. आपल्या शेजारी, अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ च्या रविवारी झुलणाऱ्या लंबकाचा दांडाच तुटला. दोघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. तिथे कुणाच्याही उंचीचा प्रश्न नव्हता, यंत्राच्या देखभालीचा होता. पट्टी ही पहिली पायरी. त्यानंतर ऑपरेटरने प्रत्येक दांडा हाताने ओढून बघायला हवा. तो न ओढता पुढे गेला तर हाक मारून थांबवायची लाज बाळगू नका.

सहल काढणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी थोडं. एसटीच्या सवलतीच्या गाडीचं आरक्षण करता, संमतिपत्रं गोळा करता, तशी एक उंचीची यादीही करा. वर्गाच्या भिंतीवर १०७, १२२ आणि १३७ या तीन रेघा पेन्सिलने आखून मुलांना अनवाणी उभं करायचं, अर्ध्या तासाचं काम. पार्कात फोन करून प्रत्येक राइडचा आकडा विचारून घ्यायचा, कारण तो राइडगणिक वेगळा असतो. सातवीच्या एकाच वर्गात १३० ची मुलगी असते आणि १५५ चा मुलगाही, तेव्हा गट उंचीने पाडावेत, इयत्तेने नकोत. डिस्नेच्या पार्कांत आईवडिलांपैकी एक जण राइडला जातो, दुसरा लहानग्यापाशी थांबतो आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल होते. आपल्याकडे ती सोय असो-नसो, दोन शिक्षकांना असं आळीपाळीने थांबता येतं. थांबणाऱ्या गटाला बाकावर बसवून ठेवू नये, त्यांच्यासाठी त्याच वेळेची दुसरी राइड आधीच ठरवावी आणि कुठला गट कुठे जाणार, हे सहलीच्या आधीच्या शनिवारी वर्गात सांगून टाकावं.