गिऱ्हाईक सांगेल तसं

गाडगेबाबांचं चित्र सोपं असतं, असं ज्यानं कधी ब्रश हातात धरला नाही त्यालाच वाटतं. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. एवढं जमलं की गावातलं शेंबडं पोरही चित्र ओळखतं. पेंटरची कसोटी त्यानंतर लागते, आणि ती दोन जागी लागते. पहिली डोळ्यांत. कीर्तनात समोरच्याला फैलावर घेणारा हा माणूस रागीट दिसता कामा नये आणि नुसता गोड म्हातारा तर मुळीच दिसता कामा नये. दुसरी चिंध्यांत. हाताशी दहा रंगांचे डबे उघडे असले की प्रत्येक ठिगळाला नवा रंग द्यायचा मोह होतो. मग बाबांच्या अंगावर प्रदर्शनातली गोधडी चढते. जाणता पेंटर मातकट, विटका निळा, गेरू अशा तीनचार मळक्या रंगांत सगळं भागवतो आणि एखादंच ठिगळ जरा उठवतो.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली वलगावजवळ वाटेतच देह ठेवलेल्या या माणसानं आयुष्यभर कोणाला आपल्या पाया पडू दिलं नाही. आज वऱ्हाडातल्या भिंतींवर त्यांच्याइतकी चित्रं क्वचितच कोणाची असतील. अमरावती विद्यापीठालाही आता त्यांचंच नाव आहे. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा ग्रामपंचायती, शाळा, समाजमंदिरं यांच्या भिंती एकदम रंगायला निघाल्या. त्या अभियानानं खराट्याइतकंच काम ब्रशलाही दिलं.

वऱ्हाडातल्या पेंटरला अशी काही माणसं पाठच असावी लागतात. यावलीचे, म्हणजे पुढे गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज काढायचे तर भगवा आणि खंजिरी या ओळखीच्या खुणा. पण खंजिरीवरची बोटं चुकली तर महाराज ताट धरून बसल्यासारखे दिसतात. शेगावचे गजानन महाराज मंदिराबाहेर, ट्रकवर, पानटपरीवर, सगळीकडे लागतात. सर्वांत कडक गिऱ्हाईक मात्र बाबासाहेबांच्या चित्राचं. अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव विहारं आहेत, आणि १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस पेंटरला जेवायला फुरसत नसते. कोटाचा निळा कोणता, चष्म्याची काडी कशी, संविधानाचा ग्रंथ कोणत्या हातात, उचललेलं बोट नेमकं किती वर, हे सगळं बघायला भिंतीसमोर दहा जण उभे असतात आणि दहाही जणांनी ते रूप हजार वेळा पाहिलेलं असतं. कलादालनातल्या चित्रकाराला असा प्रेक्षक मिळत नाही. माझ्या मते त्याचं ते दुर्दैव.

हे हात तयार कुठे होतात? शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकलेच्या सरकारी परीक्षा बहुतेकांनी दिलेल्या असतात. त्यातले काही पुढे एटीडी करून कलाशिक्षक होतात आणि संध्याकाळी पाट्या रंगवतात. ज्याच्या घरची थोडी बरी स्थिती तो नागपूरला जायचा. तिथल्याच स्कूल ऑफ आर्टमध्ये सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ शिकले आणि मग मुंबईला जेजेत गेले. पण मोठी संख्या उस्तादाच्या हाताखाली घडलेल्यांची. आधी रॉकेलमध्ये ब्रश धुवायचे, मग पत्रा घासायचा, मग उस्तादानं आखलेल्या अक्षरांत रंग भरायचा. अक्षर आखायला मिळेपर्यंत दोनतीन वर्षं सहज जायची. बाळापूर, अचलपूर, अकोल्याचं जुनं शहर अशा ठिकाणी तर एकाच पाटीवर देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्या लिहाव्या लागत. उर्दू येते उजवीकडून, मराठी डावीकडून. दोघींच्या मध्ये जागा उरली पाहिजे आणि दोघींची सावली मात्र एकाच बाजूला पडली पाहिजे.

दुकानाची पाटी होते कशी, ते जरा जवळून बघा. लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा पॉलिश पेपरनं घासून त्यावर रेड ऑक्साइडचा हात. तो वाळला की जमिनीचा रंग, दोन वेळा. मग निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये चुटकी मारायची, की सरळ रेघ उमटते: एक शिरोरेषेची, एक अक्षराच्या बुडाची. खडूनं अक्षरांचा अंदाज घ्यायचा. खरी अडचण इथे येते. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं. ‘श्रीकृष्ण’ लिहायचं तर खाली दीड बोट जागा जास्त लागते. ‘जय’ लिहायचं तर ती रिकामी राहते. चांगला पेंटर उकार आखडता घेतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावरून वळवून आणतो आणि रेघ कुठेही तुटू देत नाही. उजव्या हाताखाली आधाराला काठी, काठीच्या टोकाला चिंधीचा बोळा, म्हणजे ओल्या रंगाला डाग लागत नाही. अक्षरं भरून झाली की चपट्या ब्रशनं शिरोरेषा एका दमात ओढायची. मध्ये थांबलं की जोड दिसतो. शेवटी सावली, बारीक कड, आणि खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, फोन नंबरासह. ही सही म्हणजेच त्याची जाहिरात.

हे चालू असताना गिऱ्हाईक मागे उभंच असतं.

‘पेंटरभाऊ, नाव जरा मोठं करा नं. रस्त्याच्या तिकडून दिसून नाही राह्यलं.’

‘नाव मोठं केलं तं पत्ता कुठी लिहू? तुमच्या घरी?’

भाव कुठे फुटावर ठरे, कुठे अक्षरावर. अक्षरावर ठरला की जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावरून हुज्जत आलीच.

उन्हाळा हा या धंद्याचा खरा वैरी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या पत्र्यावर ऑइल पेंट पसरायच्या आधीच धरतो, आणि ब्रशच्या केसांच्या रेघा तशाच राहून जातात. टर्पेंटाइन जास्त घातलं तर रंग पातळ होऊन ओघळतो. त्यामुळे भिंतीचं काम पहाटे सुरू करून दहाच्या आत आटपायचं आणि दुपारी सावलीत पाट्या घ्यायच्या. लग्नसराई आणि निवडणुका नेमक्या याच दिवसांत येतात.

वऱ्हाडच्या पेंटरला आणखी एक गिऱ्हाईक होतं, जे पुण्या-मुंबईच्या पेंटरला नव्हतं: कापूस. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाचा भाव चढला आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. अकोला, खामगाव, अमरावतीला जिन-प्रेस उभे राहिले. रुईची दाबून बांधलेली गाठ आज साधारण १७० किलोची असते, आणि तिच्यावर प्रेसचं नाव, मार्का, लॉट नंबर, गाठीचा नंबर टाकावा लागतो. त्यासाठी पत्र्याचे छाप कापायचं काम गावातल्या पेंटरकडे. इंग्रजी ‘ओ’ किंवा आठाचा आकडा सरळ कापला तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून अक्षरात बारीक पट्ट्या सोडायच्या. त्या इतक्याही बारीक नकोत, की शंभर गाठींनंतर तुटतील. या कामावर सही नसते. पण वऱ्हाडच्या पेंटरची सर्वांत दूर गेलेली अक्षरं हीच.

सिनेमाचा बॅनर हे त्या मानानं ऐटीचं काम. मध्य प्रांत-वऱ्हाड हे नाव १९५० साली गेलं, १९५६ साली वऱ्हाड त्या राज्यातूनही निघालं, पण हिंदी सिनेमाच्या वितरणाच्या धंद्यात ‘सी. पी. बेरार’ हे सर्किट तसंच राहिलं आणि अमरावती हे त्यातल्या वितरकांचं मोठं ठाणं. टॉकीजवर कापडाचा बॅनर चढायचा. कापडाला खडूची भुकटी आणि सरस यांचा हात देऊन वाळवायचं, पोस्टरवर पेन्सिलीनं चौकोन पाडायचे, तेवढेच मोठे चौकोन कापडावर दोरीनं पाडायचे आणि एकेका चौकोनातला नाकाचा, भुवईचा तुकडा मोठा करत न्यायचा. कापड इतकं मोठं, की काढणाऱ्याला आपण काय काढतोय हे अख्खं दिसत नाही. दूर जाऊन बघायचं, परत येऊन दुरुस्त करायचं. गालावर हिरवा, कपाळावर जांभळा, हनुवटीखाली गडद निळा: जवळून भयंकर, चौकातून बघा तर हुबेहूब. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत होर्डिंगं रंगवूनच उमेदवारी केली होती, हे इथले पेंटर अभिमानानं सांगतात, आणि त्यांना तो हक्क आहे. शुक्रवारी सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा. त्यामुळे हजारो चित्रं काढूनही दाखवायला एकही शिल्लक नाही, अशी कारकीर्द अनेकांची.

सर्वांत नाजूक फर्माईश म्हणजे गेलेल्या माणसाचं चित्र. घरचे लोक रेशनकार्डावरचा नाहीतर कोणाच्या लग्नातल्या घोळक्यातला बोटभर फोटो घेऊन येतात. वडिलांना त्यातून मोठं करायचं, आणि जमलं तर अंगात कोट घालायचा, टोपी सरळ करायची, गालफडं जरा भरायची. जन्मात ज्यानं कोट घातला नाही त्याला तो मेल्यावर मिळतो. याला खोटेपणा म्हणावं असं मला वाटत नाही. मेळघाटात धारणी, चिखलदऱ्याकडे कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागाच्या लाकडाचा मुंडा कोरून उभा करतात. त्यावर चंद्र-सूर्य असतात आणि घोड्यावर बसलेला माणूस असतो. हयातीत त्याच्याकडे घोडा कुठे होता? अकोल्याच्या भिंतीवरचा कोट आणि मेळघाटातला घोडा यांत मला तरी एकच मागणी दिसते.

मग फ्लेक्स आला. त्याआधी १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानं आणि निवडणूक आयोगाच्या कडक नियमांनी प्रचाराच्या भिंती कमी केल्याच होत्या. फ्लेक्सनं पाट्या, बॅनर, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं एका रात्रीत छापून द्यायला सुरुवात केली. काही पेंटरांनी ब्रश ठेवून कॉम्प्युटर घेतला, काही रेडियम कापू लागले, काहींनी दुकानाला कुलूप लावलं. दिल्लीत हनीफ कुरेशी या कलाकारानं रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे डिजिटल फाँट केले आणि फाँटला त्या त्या पेंटरचंच नाव दिलं. कुरेशी २०२४ साली गेले. वऱ्हाडी देवनागरीचा असा संग्रह कोणी तातडीनं करायला हवा, कारण जुन्या पाट्या गंजून भंगारात चालल्या आहेत.

काम अगदीच संपलेलं नाही. जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ आहेत: पाढे, बाराखडी, सूर्यमाला, खिडकीच्या खाली मोजपट्टी. अंगणवाड्या आहेत. गणपतीच्या दिवसांत मूर्तिकार डोळ्यांच्या आखणीला हात शोधत फिरतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पेंटरांना वाटलं, आता दिवस पालटले. मोठ्या दुकानांनी ॲक्रिलिकची, दिव्यांची अक्षरं लावली. पेंटरकडे आली ती रसवंती, पंक्चर, सलून अशी मंडळी. त्यांचं म्हणणं जुनंच: अक्षर मोठं पाहिजे, रंग पक्का पाहिजे, आणि पैसे पोळ्यानंतर देतो.