चहा चाखायचा कसा?

दूध, साखर, आलं पडलं की पत्तीचे दोष झाकले जातात. म्हणून आज तीन कप कोरा चहा करू: आसाम, दार्जिलिंग आणि एखादा सुगंधी.

प्रत्येक कपात २ ग्रॅम पत्ती, १०० मिली उकळतं पाणी, वर झाकण, ६ मिनिटं. चहा चाखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं हेच माप. कडक होईल, पण गुणदोष कळतील.

गाळा, कोमट झाल्यावर भुरका मारा. आसाम दाट लागेल. दार्जिलिंग हलका, फुलांसारख्या वासाचा. सुगंधी चहा शेवटी, कारण त्याची चव जिभेवर रेंगाळते. तो गार करून पुन्हा चाखा. वास ओसरल्यावर नुसता कडवटपणा उरला, तर आपण पैसे वासाचे मोजले, चहाचे नाही!