भाजीच्या पिशवीतील कादंबरी

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मराठी गृहिणीने भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करावी, देवासाठी फुलांची पुडी बांधून घ्यावी आणि घरी परतून, मागचे आवरून झाल्यावर, दुपारच्या निवांत वेळी मराठी कादंबरीचे पान उलगडावे, असा क्रम आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पुष्कळदा ती कादंबरी वाचनालयातून बदलून आणलेली असे आणि मेथीच्या जुडीशेजारी, त्याच पिशवीतून घरी येई. खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ ही देखणी वास्तू उभारणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. वाचता येऊ लागले, पुस्तकही हाताशी आले. मग लोकांनी वाचले काय?

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ थोड्यांनी आणि प्रेमकथा पुष्कळांनी वाचल्या. या प्रेमकथांच्या राज्यात दीर्घकाळ ज्यांचे नाव सिंहासनावर होते, ते नारायण सीताराम फडके. फडक्यांची ही कारकीर्द मात्र सुरू झाली ती एका इंग्रज बाईंच्या आधाराने. १९१७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ ही मेरी कोरेली यांच्या ‘टेंपोरल पॉवर’ या १९०२ मधील कादंबरीवर आधारलेली आहे. एक राजा वेष पालटून आपल्याच विरोधकांच्या गुप्त मंडळात शिरतो, हे त्या इंग्रजी कादंबरीचे सूत्र.

या कोरेलीबाईंचे चरित्र त्यांच्या कोणत्याही कादंबरीहून कमी चमत्कारिक नाही. त्यांचा जन्म १८५५ साली लंडनमध्ये झाला. मूळ नाव मेरी मॅके. ‘कोरेली’ हे इटालियन वळणाचे नाव त्यांनी स्वतःच धारण केले. प्रथम पियानोवादनात नाव काढावे असा विचार होता. परंतु १८८६ मध्ये ‘अ रोमान्स ऑफ टू वर्ल्ड्स’ ही कादंबरी निघाली आणि बाई लेखिका झाल्या त्या कायमच्या. टीकाकारांनी प्रथमपासून त्यांची टर उडविली आणि वाचकांनी प्रथमपासून त्यांना डोक्यावर घेतले. व्हिक्टोरिया राणी त्यांच्या चाहत्यांपैकी होती. १८९५ मध्ये ‘द सॉरोज ऑफ सेटन’ प्रसिद्ध करताना त्यांनी, या पुस्तकाच्या प्रती परीक्षणासाठी कोणालाही पाठविलेल्या नाहीत, अशी सूचनाच आरंभी छापून टाकली. परीक्षणावाचून कादंबरी अफाट खपली! आपल्याकडील एखाद्या लेखकाने हे धाडस केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुढे त्या शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, राहावयास गेल्या. तेथील नदीत फिरण्यासाठी त्यांनी थेट व्हेनिसहून नौका आणविली. गावातील जुनी घरे पाडली जाऊ नयेत म्हणून त्या गावकऱ्यांशी हिरिरीने भांडल्या; त्यांपैकी काही घरे आज उभी आहेत, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. स्वभाव मात्र विसंगतींनी भरलेला. स्वतःच्या लेखणीवर स्वतंत्रपणे जगणाऱ्या या बाईंनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला. त्यांनी लग्न केले नाही; बर्था व्हायव्हर या मैत्रिणीसह त्यांचे सारे आयुष्य गेले. पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई असताना घरात साखरेचा साठा केल्याबद्दल १९१८ मध्ये त्यांना ५० पौंड दंडही झाला. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या गृहिणींना या गुन्ह्याबद्दल रागापेक्षा सहानुभूतीच वाटेल असे वाटते. १९२४ मध्ये त्या वारल्या आणि बघता बघता त्यांचे नाव मागे पडले. ज्या विद्वानांनी त्यांना आयुष्यभर हसण्यावारी नेले, त्यांच्याच परंपरेतील शेक्सपिअरचे अभ्यासक आज बाईंच्या घरात बसून संशोधन करतात, कारण बर्मिंगहॅम विद्यापीठाची शेक्सपिअर संस्था त्याच वास्तूत आहे.

फडक्यांनी या बाईंचे बोट धरले ते एका पुस्तकापुरते. १८९४ साली अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत येथे जन्मलेल्या या तरुणाचा विषय तत्त्वज्ञान. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. दिवसा तर्कशास्त्र शिकवावे आणि उरलेल्या वेळी ज्याला तर्क लागू पडत नाही अशा विषयावर लिहावे, असा हा संसार! ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) अशी रांगच लागली आणि आयुष्याच्या अखेरीस कादंबऱ्यांची संख्या सत्तरीपलीकडे गेली. कथासंग्रह, लघुनिबंध, टीकाग्रंथ वेगळेच. कादंबरी कशी रचावी, उत्कंठा कशी ताणावी, गुंतागुंत कोठे सोडवावी, याचे शास्त्र त्यांनी ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात मांडले. लेखन हा दैवी साक्षात्कार नसून शिकता येण्याजोगी कारागिरी आहे, हा विचार पुष्कळांना त्या काळी पचला नाही.

त्यांच्यावरील आक्षेप सर्वश्रुत आहेत. नायक देखणा, नायिका त्याहून देखणी. दोघांची गाठ योगायोगाने पडायची. चहाच्या टेबलाशी सुंदर संवाद व्हायचे आणि घरखर्चाची विवंचना कोणालाच नसायची. कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादात फडके एका बाजूस आणि वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूस उभे राहिले. खांडेकरांना १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले, तेव्हा वादाचा निकाल लागला असे अनेकांना वाटले असेल. फडक्यांच्या जगात झोपडी दिसत नाही, ही तक्रार मला खरी वाटते. ‘जेहलम’ मध्ये काश्मीरची पार्श्वभूमी आली तरी वाचकाच्या मनात राहते ती प्रेमकहाणीच.

तथापि या लेखकाला केवळ गोडबोल्या ठरविणेही न्याय्य नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, संततिनियमन हा शब्द चारचौघांत उच्चारणे कठीण होते, तेव्हा त्यांनी त्या विषयावर उघडपणे लिहिले. त्यांच्या कादंबरीतील मुलगी शिकलेली असे, परपुरुषाशी नजर न झुकविता बोले आणि आपला वर आपण निवडे. ज्या घरात मुलीला पाहावयास पाहुणे येत आणि तिला फक्त नाव विचारीत, त्या घरात हे पुस्तक उशीखाली ठेवून वाचावे लागे, यात नवल नाही. ‘कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात’ असे वडीलधारे म्हणत. त्यांना पुस्तकातील प्रेमाची नव्हे, पुस्तकातील निवडीची भीती वाटत होती, असे मला वाटते.

महाराष्ट्राबाहेरील घरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बडोद्याने १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये मराठी साहित्य संमेलने भरविली. २०१८ मध्येही येथे संमेलन झाले. त्या मांडवांतील भाषणे उत्तमच असतील, परंतु ज्या मुलीने शाळेत गुजराती गिरविली, तिला मराठी वाक्याची लय व जोडाक्षरांचा सराव कोठे मिळाला? भाषणांत नव्हे. पुढे काय झाले हे कळल्याखेरीज झोप येईना म्हणून ती तीनशे पाने वाचून काढी. अडलेला शब्द आजीला विचारी, आणि आजी शब्द सांगताना पुस्तक कोणते हेही पाहून घेई. व्याकरणाच्या पुस्तकाला ही उत्कंठा कोठून आणता येणार?

फडक्यांना १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले. नव्या वाचकाने त्यांना प्रथमच हाती घ्यावयाचे असेल तर ‘दौलत’ किंवा ‘अटकेपार’ पासून आरंभ करावा. ‘अल्ला हो अकबर’ मात्र सर्वांत शेवटी, आणि जमल्यास कोरेलीबाईंची मूळ कादंबरी शेजारी ठेवून.