घरचा टीव्ही, भाग ६ : छत्रीला उंची नको, रोख हवा

मागच्या भागात काड्यांच्या जुन्या अँटेनाचा विचार केला, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली : तिला उंची लागायचीच. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. मनोरा परिसराहून ३०० मीटर उंच आणि घरची अँटेना १० मीटरवर धरली, तर हिशेबाने जेमतेम ८५ किलोमीटरपर्यंत मजल जाते. म्हैसमाळच्या डोंगरावरचा दूरदर्शनचा मनोरा घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. अशा टोकाच्या गावात पाइपाला पाइप जोडून अँटेना वर चढवण्यात शहाणपण होतं. चार फूट वाढले की पडद्यावरच्या मुंग्या खरोखर कमी व्हायच्या. दूरदर्शनने ती जुनी प्रक्षेपणं २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केली, पण उंचीची सवय मात्र राहिली आणि ती डिश अँटेनाच्या छत्रीला लागू झाली. माझं म्हणणं असं की, चित्र अडकण्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या सवयीत आहे.

डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झालेली सेवा म्हणजे आजची डीडी फ्री डिश. मासिक भाडं नाही, म्हणून शेतकरी आणि मजूर घरांत तिचं मोल मोठं. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. छत्री वीस फूट वर नेली तर या अंतरात काय फरक पडणार? तीर्थपुरीहून हा उपग्रह जवळजवळ नेमका आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५९ ते ६० अंशांवर येतो. इतक्या चढ्या कोनामुळे आग्नेयेला दहा फुटांवर असलेली भिंत छत्रीहून पंधरा-सोळा फूट उंच असेल, तरच आड येईल. म्हणजे अंगणातला बुटका खांबसुद्धा पुरतो.

नेम मात्र काटेकोर लागतो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा रोख दीड अंशाने चुकला, तर हाती येणारा सिग्नल जवळपास निम्मा होतो. दीड अंश म्हणजे किती? छत्रीची एक कड दुसरीपेक्षा दीड सेंटिमीटर मागे गेली की तेवढा फरक पडला. उंच, बारीक पाइपावर वारा सुटला की एवढं हलणं सहज होतं. तोच पाइप हातभर ठेवून भिंतीत पक्का रोवला, तर होत नाही. पूर्वी रोख चुकला की मुंग्या दिसायच्या, माणूस सावध व्हायचा. आता सिग्नल कमी होत गेला तरी चित्र अगदी स्वच्छ राहतं आणि मग एकाएकी चौकोन पडून थिजतं. म्हणून जेमतेम लागलेली छत्री उन्हाळाभर चालते आणि मृगाच्या पहिल्या ढगाला बंद पडते. या लहरींची लांबी अवघी पावणेतीन सेंटिमीटर असल्याने जोराचा पाऊस त्यांना वाटेतच शोषतो. छत्री लावताना सेट टॉप बॉक्सच्या पडद्यावरची 'स्ट्रेंथ' नव्हे, 'क्वालिटी' पाहावी. रोख भलत्याच उपग्रहाकडे असला तरी 'स्ट्रेंथ'ची पट्टी भरलेली दिसू शकते. 'क्वालिटी' जिथे सर्वांत वर जाते तिथेच नट आवळावा. त्याआधी एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल टिपणारा डबा, पकडीत थोडा फिरवून पाहावा.

"पण आमच्याकडे छत्री वर नेल्यावरच चित्र आलं" असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. मात्र वर नेताना छत्री लिंबाच्या झाडातून बाहेर पडली, किंवा नव्याने बसवताना रोख सुधारला. श्रेय त्याला आहे. सगळं अंगणच झाडाखाली असेल तर गच्ची गाठावीच, पण तिथेही पाइप आखूडच ठेवावा. गुरांचा, पोरांचा धक्का लागेल ही भीतीही रास्त. त्यासाठी डोक्याइतक्या उंचीची भिंत पुरे. बूस्टर लावला तर? तो सिग्नलसोबत खरखरही वाढवतो आणि छत्रीने जे पकडलंच नाही ते कुठून आणणार? लांबच्या केबलमधली घट तो भरून काढील, चुकलेला नेम नाही.

झाड आड येतं की नाही, हे पाहायला यंत्र नको, सूर्य पुरतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबर लागताना अकराच्या आसपास, तीर्थपुरीहून पाहिलं तर सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या पाठीमागे येतो. तेव्हा सूर्याच्या झोतामुळे काही मिनिटं चित्रही बिघडतं. त्यावेळी छत्रीला हात लावू नये. नुसतं अंगणात जाऊन बघावं. छत्रीवर त्या घडीला ऊन पडलेलं असेल, तर आकाशाची वाट मोकळी आहे. पानांची सावली असेल, तर जी फांदी ती सावली पाडते, तीच छाटायची.