मुरणं आणि नासणं : घरच्या बिअरमधले चवीचे दोष

वैजनाथाच्या गावात बिअरवर बोलायचं म्हटलं की काहींच्या भुवया वर जाणारच. म्हणून आधीच सांगतो : परवान्याशिवाय घरी बिअर काढणं हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आम्ही कृती शिकवायला उभे नाही. पण तत्त्वज्ञानाला हा विषय परका नाही. चार्वाकांनी चैतन्य समजावताना दृष्टांत दिला तो मद्याच्या आंबण्याचाच.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. तिथल्या करणाऱ्याला नेहमीचा प्रश्न पडतो : बाटली उघडली, चव बिघडलेली लागली, आता थांबायचं की ओतून द्यायचं?

लोणच्याचं बघा. आठ दिवसांचं लोणचं कच्चं लागतं, ते मुरायचं असतं. बुरशी आलेलं लोणचं मात्र थांबून सुधारत नाही. जीभ दोन्हींना 'बरं नाही' एवढंच म्हणते. फरक आपण करायचा.

बिअर पहिल्यांदा आंबून झाली की बाटलीत भरताना लिटरमागे साधारण पाच-सात ग्रॅम साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू सोडतं, आणि बूच बंद असल्यामुळे तो वायू बिअरमध्येच विरतो. वीस अंशांच्या आसपास याला दोन-तीन आठवडे लागतात. पहिलं आंबणं पुरं व्हायच्या आतच बाटली भरली, तर दाब वाढून ती फुटते. म्हणजे इथली घाई अंगावर येऊ शकते.

आता दोष. हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर तो अ‍ॅसिटाल्डिहाइडचा, बहुतेकदा कच्चेपणाचा. लोण्यासारखा वास डायअ‍ॅसिटिलचा. यीस्ट जिवंत असेल तर हे दोन्ही पदार्थ ते पुन्हा पचवतं. इथे काळ आपल्या बाजूने आहे. व्हिनेगरचा आंबटपणा मात्र जिवाणूंचा, तो जाणार नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा, तो दिवसांनी वाढतच जातो. पाण्यातल्या क्लोरिनमुळे आलेला औषधी वासही मुरून जात नाही. आणि आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आंबवलं, तर नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. तोही बहुतेक तसाच राहतो.

पेच असा, की लोण्याचा वास जिवाणूंमुळेही येतो. मग ओळखायचं कसं? एका घोटावरून नाही. आठवड्याच्या अंतराने एकेक बाटली उघडून पाहायची. वास उतरत असेल तर मुरतंय, चढत असेल तर नासतंय.

ह्यूमने १७५७ च्या रसविषयक निबंधात 'डॉन किहोते'मधली गोष्ट घेतली आहे. दोघांनी वाइन चाखली. एकाला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी चामड्याची दोरी बांधलेली किल्ली निघाली. चांगली जीभ 'वाईट' म्हणून थांबत नाही. कशाची चव आहे ते सांगते.

'काळ सगळं सुधारतो' असं आपण सहज म्हणतो. काळ कच्चेपणा घालवतो, दोष घालवत नाही, उलट वाढवतो. तेव्हा आधी दोषाचं नाव शोधावं, मग धीर धरावा. हे बाटलीपुरतंच खरं आहे असं आम्हाला वाटत नाही. प्रश्न असतील तर विचारा.